केबिनचें दार

घराचें दार आणि नावेचें दार ह्या दोहोंना आपल्या भाषेंत एकच शब्द असला, तरी त्यांचा धर्म एक नव्हे. घराचें दार माणसांसाठीं असतें. कोणी आंत यावें आणि कोणी बाहेर राहावें, एवढाच प्रश्न त्याला सोडवावा लागतो. आणि पाहुणा कितीहि नकोसा असला तरी तो उंबरठ्याशीं थांबून कडी वाजवितो. नावेच्या दाराशीं येणारी मंडळी कडी वाजवीत नाहींत. पाणी, वारा, ऊन, खारी हवा आणि इंजिनाचा धूर हे पांचहि आगंतुक, आणि प्रत्येकाशीं वेगळ्या रीतीनें वागणें भाग असतें. पाण्याला आंत मुळींच घ्यावयाचें नाहीं. वाऱ्याला घ्यावयाचें, पण बेतानें. उजेड हवा, ऊन नको. आणि धूर शिरलाच तर त्याला परत जावयास वाट हवी. इतकें सारें काम दोन फूट रुंदीच्या एका फळकुटावर सोंपवून आपण निर्धास्त बसतों.

दाभोळच्या खाडींत, म्हणजे वाशिष्ठी जेथें समुद्राला मिळते तेथें, आमचे वडील मावसबंधु अण्णा ह्यांची एक जुनी मोटार-लाँच आहे. तींत चार आण्यांचा वांटा आमचाहि आहे, आणि कॉलेजला सुट्टी लागली कीं तो वसूल करण्यास आम्ही कोंकणांत जातों. लाँच १९७४ सालीं बांधलेली, सागवानी. केबिन मागल्या बाजूनें उघडणारी आणि तिला दार एकच. चार उभ्या फळ्या दोन आडव्या पट्ट्यांवर ठोकून तें केलेलें होतें. तें आंतल्या बाजूस उघडे, आणि कडी बाहेरून. पन्नास वर्षांत त्यावर रंगाचे इतके थर चढले होते कीं, मूळ लांकडाचा रंग आठवणारे एक अण्णाच उरले होते.

गेल्या आश्विनांत पैलतीरावरून परततांना अवेळीं पाऊस आला. वहिनी आणि अण्णांची सहा वर्षांची नात केबिनमध्यें बसल्या होत्या. आंत पाणी उडूं नये म्हणून तांडेलानें दार ओढून घेतलें. वारा मागून होता. चार महिन्यांच्या पावसानें फुगलेलें तें दार चौकटींत असें घट्ट बसलें कीं, धक्क्याला लागल्यावर उघडेना. आंतून धरून ओढावयास मूठ नव्हती. बाहेरून तांडेलानें खांदा लावला, तेव्हां पांचव्या हिसक्याला तें सुटलें. सारा प्रकार थोड्या वेळाचा. पण बाहेर आलेली पोर पांढरीफटक पडली होती. डोकें दुखतें म्हणाली आणि वहिनींच्या मांडीवर निजूं लागली. गांवच्या डॉक्टरांनीं तिला प्राणवायु दिला, आणि 'धूर कोंडला होता' एवढेंच निदान सांगितलें. संध्याकाळपर्यंत ती हिंडूंफिरूं लागली. तथापि त्या रात्रीं अण्णांच्या घरीं कोणी नीट जेवलें नाहीं.

मागून वारा असतां मागल्या बाजूनें सुटणारा धूर नावेबरोबरच चालतो. शिवाय चालत्या नावेच्या मागें हवा जरा विरळ होऊन भोंवऱ्यासारखी पुढें ओढली जाते, आणि जी फट मिळेल तींतून धुरासकट केबिनमध्यें शिरते. ह्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यानें प्राणवायु वाहून न्यावयाचा, त्यालाच तो जाऊन चिकटतो, आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. डोकेंदुखी, मळमळ आणि झोंप हीं त्याचीं पहिलीं लक्षणें. नावेंत बसलेला मनुष्य तीं सहज 'बोट लागली' म्हणून सोडून देतो. डिझेलच्या धुरांत हा वायु पेट्रोलच्या मानानें कमी असतो हें खरें; पण बंद खोलींत 'कमी' म्हणजे 'नाहीं' असें नव्हे.

दार बदलावयाचें हें दुसऱ्या दिवशीं ठरलें. कोणतें बसवावयाचें, हें ठरावयास मात्र कार्तिक संपला.

अण्णांचे म्हणणें असें, कीं दार तासावें, बदलूं नये. हें दार मिस्त्रींच्या वडिलांनीं आपल्या हातानें केलेलें. लाँचच्या नाळेपासून सुकाणूपर्यंत एकेक वस्तु गेल्या पन्नास वर्षांत बदलली, मूळचें म्हणून हें एवढेंच राहिलें. आम्हीं त्यांना प्लूटार्कनें सांगितलेली थीसिअसच्या नौकेची गोष्ट सांगितली. अथेन्सच्या लोकांनीं ती नौका जतन केली, कुजेल ती फळी काढून नवी बसविली, आणि मग तत्त्वज्ञांत वाद माजला कीं नौका तीच कीं दुसरी. अण्णांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "ती नौका पाण्यांत जात होती कीं नुसती ठेवलेली होती?" आमच्या इतक्या वर्षांच्या अध्यापनांत हा प्रश्न एकाहि विद्यार्थ्यानें आम्हांला विचारलेला नाहीं. ठेवलेल्या नौकेविषयीं वाद घालतां येतो. जी पाण्यांत जाते तिच्याविषयीं निर्णय घ्यावा लागतो.

अण्णांचे चिरंजीव पुण्यास इंजिनिअर आहेत. त्यांच्या मतें लांकूड हेंच सर्व दुःखांचें मूळ. ॲल्युमिनिअमची चौकट करावी, तींत ॲक्रिलिकचा धुरकट तावदानी पत्रा बसवावा, आणि दार रुळावरून सरकतें ठेवावें, म्हणजे फुगणें नाहीं आणि रंगहि नाहीं. मिस्त्रींनीं हें ऐकून घेतलें आणि आम्हांकडे वळून म्हणाले, "मास्तर, लाकूड फुगतं हे लाकडाचं पाप नाही. फुगायला जागा ठेवली नाही, हे दाराचं पाप."

हें वाक्य आम्हीं पुढें पुष्कळ दिवस मनांत घोळविलें, आणि तें अक्षरशः खरें असल्याचें आढळून आलें. लांकूड लांबीच्या दिशेनें जवळजवळ फुगतच नाहीं. फुगतें तें रुंदीच्या दिशेनें. सागासारखें शांत लांकूड घेतलें तरी दोन फूट रुंदीच्या फळ्या कोरड्या दिवसांतून पावसाळ्यांत जातांना पांच-सात मिलिमीटर वाढूं शकतात. फळ्या एकमेकींना भिडवून ठोकल्या म्हणजे ही सगळी वाढ चौकटीवर येते, आणि रंगाच्या थरांनीं उरलीसुरली फट आधींच बुजविलेली असते. म्हणून जाणते सुतार आधीं अरुंद पट्ट्यांचा सांगाडा करतात, आणि मधलें तावदान खांचेंत नुसतें बसवितात. त्याला सरस लावीत नाहींत कीं खिळा मारीत नाहींत. तें आपल्या खांचेंत वाटेल तसें फुगो वा आकसो, बाहेरचा सांगाडा जागचा हालत नाहीं. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या माणसाला ह्या युक्तीचें मर्म निराळें समजावून सांगावयास नको.

चिरंजीवांचा पक्षहि आम्हीं तपासून पाहिला. ॲक्रिलिक पाण्यानें फुगत नाहीं, पण उन्हानें वाढतें. मीटरभर लांबीचा तुकडा तीस अंशांच्या फरकानें दोन मिलिमीटर वाढतो. म्हणून त्याचीं भोंकें स्क्रूपेक्षां मोठीं पाडावीं लागतात, नाहीं तर तो कोपऱ्यांतून तडकतो. आणि स्पिरिटनें पुसला तर त्यावर बारीक जाळें पडतें. पॉलिकार्बोनेट त्याहून चिवट, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि साध्या जातीचें उन्हांत पिवळें पडतें. ॲल्युमिनिअमला खाऱ्या पाण्यांत पितळ वा पोलाद चिकटलें, कीं दोन धातूंची विद्युत्-घटमाला तयार होऊन ॲल्युमिनिअम झिजूं लागतें. सरकत्या दाराच्या रुळांत वाळू आणि मीठ साचतें, आणि मग तेंहि एके दिवशीं उघडत नाहीं. सारांश, नवीन वस्तु जुन्या वस्तूचे दोष नाहींसे करते, आणि स्वतःचे दोष बरोबर घेऊन येते.

सागाविषयीं तर साक्षी-पुराव्याची वाण नाहीं. १८१७ सालीं मुंबईच्या गोदींत वाडियांनीं मलबारी सागाची 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली. ती आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगत आहे. त्याहि पूर्वींचा, भोजराजाच्या नांवावर असलेला 'युक्तिकल्पतरु' हा संस्कृत ग्रंथ आहे. त्यांत नावेवरील खोलीला 'मंदिर' असें भारदस्त नांव दिलें असून, ती खोली कोठें आहे ह्यावरून नौकांचे सर्वमंदिरा, मध्यमंदिरा आणि अग्रमंदिरा असे भेद केले आहेत. तळाच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, कारण समुद्रांतील लोहचुंबक नौकेला ओढून नेईल, असेंहि तो ग्रंथ सांगतो. चुंबकाची भीति काल्पनिक. पण सल्ला वाया जाणारा नाहीं. लोखंडी स्क्रू खाऱ्या दमटपणांत गंजून फुगतो आणि भोंवतालचें लांकूड फोडतो; पितळेंतील जस्त समुद्राचें पाणी हळूहळू खाऊन टाकतें आणि बिजागरी वरून धड दिसत असतां आंतून भुसभुशीत होते. आम्हीं ३१६ जातीचें, म्हणजे मॉलिब्डेनम मिसळलेलें, न गंजणारें पोलाद घेतलें. मिस्त्रींनींहि त्याला मान डोलाविली.

राहिला प्रश्न दार कोणीकडे उघडावें हा, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा तोच. मोठ्या जहाजांच्या दारांविषयीं आंतरराष्ट्रीय नियम आहेत. १९६६ च्या भाररेषा-करारांतील नियमाप्रमाणें डेकवरील बंद बांधकामाच्या दाराचा उंबरठा निदान ३८० मिलिमीटर उंच असावा लागतो, आणि दार दोन्ही बाजूंनीं चालवितां आलें पाहिजे. बाहेर उघडणाऱ्या दारावर लाट आदळली तर तें अधिकच घट्ट मिटतें, आणि आंतल्या माणसानें अंग टेकलें तर उघडतें. आमचें जुनें दार नेमकें ह्याच्या उलट होतें.

न लागलेल्या दारानेंहि अनर्थ होतो, हें विसरून चालणार नाहीं. १९८७ च्या मार्च महिन्यांत बेल्जममधील झेब्रुग बंदराबाहेर 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही फेरीबोट पुढचीं दारें उघडीं राहिल्यामुळें कलंडली आणि १९३ माणसें गेलीं. एका ठिकाणीं दार लागलें नाहीं, दुसऱ्या ठिकाणीं उघडलें नाहीं. आमच्या शास्त्रकारांनीं देहलीदीपन्याय सांगितला आहे. उंबरठ्यावरचा दिवा घरांत आणि अंगणांत सारखाच उजेड पाडतो. नावेचें दारहि तसेंच दोहों बाजूंचें असलें पाहिजे. बाहेरच्या समुद्राचा विचार करून केलेल्या दारानें आंत बसलेल्या माणसाचाहि विचार केला पाहिजे.

शेवटीं जें दार झालें तें कोणाच्याहि मूळ मताप्रमाणें झालें नाहीं. साग मिस्त्रींचा, सांगाडा आणि खांच हीं त्यांच्याच पद्धतीचीं. दार दुपाखी, बाहेर उघडणारें. वरच्या अर्ध्या भागांत चिरंजीवांचें ॲक्रिलिक, खांचेंत मोकळें सोडलेलें, म्हणजे तांडेलाला आंतलें माणूस दिसतें. खालच्या अर्ध्या भागांत तिरप्या पट्ट्यांची झडप, म्हणजे पाणी बाहेर राहतें आणि हवा खेळते. बिजागऱ्या अशा, कीं दोन्ही पाखें वर उचलून सुटीं करतां यावींत. कडी आंतून आणि बाहेरून चालणारी. केबिनच्या भिंतीवर त्या वायूची सूचना देणारें लहानसें यंत्र, कारण झडपेच्या भरंवशावर झोंप घेण्याइतका विश्वास आम्ही कोणत्याच दारावर टाकीत नाहीं. उंबरठा वीतभर उंच ठेवला. अण्णांच्या गुडघ्यांनीं ह्याविरुद्ध तक्रार केली, म्हणून आंत एक पायरी बसविली.

कडी किती घट्ट असावी ह्यावर पुन्हां वाद निघाला. सैल ठेवली तर लाटेच्या धक्क्यानें निसटेल, घट्ट ठेवली तर चालेल कोणाला? तेव्हां वहिनी, ज्या ह्या सगळ्या चर्चेंत आजवर एक अक्षर बोलल्या नव्हत्या, म्हणाल्या, "पोरीला आंत बसवा आणि दार लावा. तिच्या हातानें उघडेल तेवढी घट्ट." मुलगी आंत जावयास तयार नव्हती. वहिनी स्वतः तिच्याबरोबर आंत बसल्या. पहिल्या खेपेस कडी हालली नाहीं. मिस्त्रींनीं पटाशीनें दोनदां कोयंडा तासला. तिसऱ्या खेपेस दार उघडलें, आणि मुलगी बाहेर न येतां तें पुन्हां लावून घेऊन पुन्हां उघडूं लागली. आंतरराष्ट्रीय करारांत हें माप कोठें दिलेलें नाहीं. तथापि आमच्या लाँचपुरतें तेंच प्रमाण मानलें आहे.

जुन्या दाराच्या चार फळ्यांवरील रंग मिस्त्रींनीं खरवडला, तेव्हां खालीं सोन्यासारखा साग निघाला; एकाहि फळीला कीड नव्हती. त्यांतील दोन फळ्यांची आंतली पायरी झाली. उरलेल्या दोन त्यांनीं न विचारतां आपल्या घरीं नेल्या. तीं त्यांच्या वडिलांच्या हातचीं कामें होतीं. अण्णांनींहि त्या परत मागितल्या नाहींत.