आधी आवाज, मग दुरुस्ती

साउंड ड्रायव्हरची कामं माझ्या दुकानात रोजचीच. अपडेट अर्ध्यात अडकतं, स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली येते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "गाणी लागत नाहीत, सावकाश बघा." मीही सावकाशच बघायचो. मग एके दुपारी एक ताई आल्या. पांढरी काठी काउंटरला टेकवली, लॅपटॉप पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "दादा, कालपासून मला यातलं काहीच दिसत नाही."

त्या एनव्हीडीए वापरत. स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं हे मोफत सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली लिहायला घेतलं. ते मराठीही वाचतं. ताईंचा स्पीकर हाच त्यांचा स्क्रीन होता आणि तो काळा पडला होता.

कारण लवकर सापडलं. कुणीतरी त्यांना आपोआप ड्रायव्हर अपडेट करणारं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. त्याने चिपचं नाव पाहून सर्वांत नवा ड्रायव्हर उतरवला, जुना काढला आणि नवा बसवताना मध्येच मान टाकली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड १०, म्हणजे डिव्हाइस सुरूच होत नाही.

एरवी मी लॅपटॉप आत नेला असता. पण ताईंनी विचारलं, "तुम्ही काय करताय, ते मला कळेल का?" प्रश्न साधा होता, पण माझे हात थांबले. ड्रॉवरमध्ये बोटाएवढं यूएसबी साउंड कार्ड पडलेलं होतं. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो, काही उतरवावं लागत नाही. ते खोचलं, हेडफोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी कंट्रोल-ऑल्ट-एन दाबलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "बोलतोय," त्या म्हणाल्या.

पुढचं काम त्यांच्याच बोटांनी झालं. विंडोज-एक्स, मग एम. डिव्हाइस मॅनेजर उघडला. बाणाच्या कळीने एकेक ओळ ऐकत त्या त्रिकोणापर्यंत पोचल्या. मी सांगितलं, "प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज." ही ओळ म्हणजे चिपचा सातबारा. त्यात 'व्हेन'पुढे चिप बनवणाऱ्याचा क्रमांक असतो: १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. 'डेव्ह'पुढे चिपचा क्रमांक. आणि 'सबसिस'पुढे ती कुणाच्या, कोणत्या यंत्रात बसली आहे त्याची खूण. घाईत नजर चुकते ती इथेच. एकच चिप अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये असते, पण स्पीकरची, माइकची, हेडफोनच्या भोकाची जोडणी प्रत्येकाची निराळी. म्हणून सर्वांत नवा ड्रायव्हर योग्य असेलच असं नाही. लॅपटॉप बनवणाऱ्याने त्या मॉडेलसाठी दिलेला आधी बघायचा.

दुसरी चूक म्हणजे बिघडलेल्यावरच नवा चढवणं. पोपडे न खरवडता भिंतीला रंग दिला, तर तो पोपड्यासकट सुटतो. विंडोज बसवलेल्या ड्रायव्हरची प्रत ड्रायव्हर स्टोअरमध्ये जपून ठेवतं. नुसतं अनइन्स्टॉल केलं की रीस्टार्टनंतर तीच बिघडलेली प्रत पुन्हा येऊन बसू शकते. त्यामुळे अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकोनात खूण करायची. तेवढ्याने भागलं नाही, तर विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमधला सेटअपएपीआय डेव्ह लॉग उघडायचा. ज्या ओळीपुढे तीन उद्गारचिन्हं, तिथे काम अडलेलं असतं. ताईंना लॉग लागला नाही. त्यांनी चौकोनात खूण केली, रीस्टार्ट केलं, त्यांच्या मॉडेलचा ड्रायव्हर बसवला, पुन्हा रीस्टार्ट केलं.

मग त्यांनी स्वतःच यूएसबी कार्ड काढलं. दोन क्षण दुकानात नुसता पंख्याचा आवाज. आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून एनव्हीडीए बोललं.

इतकी वर्षं मी आवाज हा दुरुस्तीचा शेवट मानत आलो. सगळं नीट झाल्याची खूण म्हणून एखादं गाणं लावायचं आणि बिल करायचं. ताईंनी तो क्रम उलटा केला. ज्याचं यंत्र आहे त्याला आधी त्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. दुरुस्ती त्यानंतर, आणि जमेल तिथे त्याच्याच हाताने.

निघताना त्यांनी ते छोटं कार्ड विकत मागितलं. "पुढच्या वेळी त्रिकोणापर्यंत मी घरीच जाईन," म्हणाल्या. आता माझ्या काउंटरवर तशी दोन कार्डं कायम असतात. मुका लॅपटॉप आला की स्क्रू ड्रायव्हरच्या आधी हात तिकडे जातो.