गारठ्यातली अनवाणी पावले

निफाड तालुक्याची थंडी साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरला, की त्याची बातमी वर्तमानपत्रांत येते आणि द्राक्षबागा वाचवण्यासाठी पहाटे शेकोट्या पेटतात. याच तालुक्यात माझे माहेर आहे. माझे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. हिवाळ्यात उजाडण्यापूर्वीच चपला अंगणात ठेवून ते बांधावरच्या हरळीतून अर्धा तास अनवाणी चालत. दवाने तळपाय भिजले, की डोळ्यांना थंडावा मिळतो आणि नजर टिकते, ही त्यांची श्रद्धा त्यांच्या वडिलांकडून आलेली होती.

मी त्यांना कधी अडवले नाही. अण्णांना १८ वर्षांपासूनचा मधुमेह. त्यांनी चालावे, असे मीच त्यांना सांगत आले होते. त्यांच्या साखरेचे अहवाल मी पाहत असे, गोळ्याही मीच ठरवत असे. सात वर्षांपूर्वी संक्रांतीला माहेरी गेले, तेव्हा अण्णा मोठ्या कौतुकाने म्हणाले, "पोरी, सत्तरी उलटली, पण पाय कसे घट्ट झालेत बघ. पूर्वी खडे टोचायचे, गारठा झोंबायचा. आता काही म्हणजे काही जाणवत नाही!"

मी हसले, तिळगूळ दिला, वाकून नमस्कार केला आणि नाशिकला परतले.

दवाखान्यात एखाद्या मधुमेही रुग्णाने हेच वाक्य उच्चारले असते, तर मी त्याला तत्काळ तपासणीच्या टेबलावर घेतले असते. वडिलांनी ते उच्चारले, आणि मी ते काटकपणाचे लक्षण समजले. त्यांच्या पावलांना माझे हात नुकतेच लागले होते. तळवे मात्र मी पाहिले नव्हते.

आठ-दहा दिवसांनी आईचा दूरध्वनी आला. अण्णांच्या चादरीवर डाग पडले होते. बाभळीचा काटा उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाखाली मोडून राहिला होता आणि त्या जखमेवर अण्णा रोज चालत होते. पू हाडापर्यंत पोहोचला होता. ते बोट काढावे लागले, पाऊल वाचले. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "काटा मोडला आणि मला कळलं कसं नाही गं?" डॉक्टर म्हणून मी त्यांना कारण समजावले. मुलगी म्हणून मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ते कारण प्रत्येक घराने जाणून घ्यावे असे आहे. बाहेर गारठा असला, की शरीर आतली ऊब राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते. पाय गार पडतात, झोंबतात, दुखतात आणि आपण घरात वळतो. ही वेदना म्हणजे शरीराने दिलेली सूचनाच असते. दीर्घकाळच्या मधुमेहात मज्जातंतू क्षीण होतात; सर्वांत लांब तंतू आधी, म्हणून आरंभ पायाच्या बोटांपासून होतो. 'ब-१२' जीवनसत्त्वाची कमतरता आणि मद्यपान यांमुळेही असे घडू शकते. मग सूचना येतच नाही. तंबाखूमुळे किंवा वयोमानाने पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील, तर थंडीत रक्तपुरवठा आणखी घटतो आणि लहानशी जखमही भरत नाही.

दवात चालण्याचे आकर्षण केवळ आपलेच नाही. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) या धर्मगुरूंनी जलोपचारात दवातून आणि ताज्या बर्फातूनही अनवाणी चालण्याचा पुरस्कार केला. मात्र बर्फातील चालणे काही मिनिटांचेच असावे आणि त्यानंतर पाय कोरडे करून ऊब येईपर्यंत हालचाल करावी, हा त्या उपचाराचाच भाग आहे. आपण त्यातले अनवाणी चालणे उचलतो आणि पथ्य विसरतो.

मग अनवाणी चालूच नये काय? ज्यांच्या पायांची संवेदना शाबूत आहे, रक्तपुरवठा चांगला आहे आणि तोल सावरतो, त्यांनी ऊन पडल्यावर, काटेकुटे नसलेल्या स्वच्छ गवतावर पाच-दहा मिनिटे जरूर चालावे. त्यातला आनंद खरा आहे. पाय बधिर वाटू लागताच थांबावे आणि बोटांच्या बेचक्यांसह पाय पुसून मोजे घालावेत. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी पहाटेच्या गारठ्यात बाहेर पडू नये. थंडीने रक्तदाब वाढतो. मधुमेहींनी, विशेषतः पायांना मुंग्या येणाऱ्यांनी, अनवाणी चालणे घरातही टाळावे.

गार पडलेले पाय शेकण्याची घाई त्याहून घातक ठरते. शेकोटीपुढे पाय पसरून बसलेल्या, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपलेल्या वृद्धांच्या तळपायांवर मी मोठमोठे फोड पाहिले आहेत. भाजल्याचे त्यांना कळलेलेच नसते. लोकरी मोजे आणि पांघरूण पुरेसे आहे. पाय धुण्याचे पाणी घरातील दुसऱ्या कोणी कोपराने तपासून द्यावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना माझी विनंती आहे. रोज संध्याकाळी उजेडात वडीलधाऱ्यांचे तळवे, टाचा आणि बेचक्या पाहा. चीर, फोड, लाली, ओल किंवा मोज्यावरचा डाग दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. चपला-बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना, हे पाहा. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. नायलॉनचा बारीक तंतू टेकवून होणाऱ्या या तपासणीला काही मिनिटेच लागतात.

आता अण्णा ऊन वर आल्यावर, मोजे आणि एमसीआर चप्पल घालून त्याच बांधावर फिरतात. त्या आजारपणात त्यांच्या नेत्रपटलाचीही तपासणी झाली. मधुमेहाने तिथे आरंभ केलेला होता. उपचार वेळेवर मिळाले आणि आज ते वर्तमानपत्र स्वतः वाचतात. संक्रांतीला मी नमस्काराला वाकले, की अण्णा खुर्चीत मागे टेकतात आणि न सांगता दोन्ही पावले वर उचलून धरतात. मी चष्मा लावते आणि एकेक तळवा उजेडाकडे वळवून पाहते. तिळगूळ त्यानंतर.