जुन्या पिस्तुलाचा हिशेब

स्पोर्ट्स पिस्तूल खेळणाऱ्यापुढे कधी ना कधी हा प्रश्न उभा राहतोच. हातात मुरलेलं जुनं वॉल्थर जीएसपी किंवा हॅमर्ली २०८ देऊन त्याच्या बदल्यात पार्डिनी किंवा मोरिनी घ्यावं का? रेंजवर यावर दोन ठरलेली मतं ऐकू येतात. पिस्तूल हे अवजार आहे, चांगलं मिळत असेल तर घेऊन मोकळं व्हावं, हे एक. ज्यानं मेडल मिळवून दिलं ते विकू नये, हे दुसरं. मला दोन्ही अपुरी वाटतात. पहिल्याची नजर नव्याच्या गुणांवर असते, दुसऱ्याची जुन्याच्या आठवणींवर, आणि निर्णयाला लागणारी माहिती या दोन्ही ठिकाणी नसते. जुन्या पिस्तुलाला आता काय जमत नाही, एवढ्यावरच हा निर्णय व्हावा. आणि जे जमत नाही ते टार्गेटवर मोजून दाखवता आलं पाहिजे.

आधी पिस्तुलाचा वाटा किती ते पाहू. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं. चांगलं .२२ टार्गेट पिस्तूल रेस्टमध्ये घट्ट बसवून, त्याला मानवणाऱ्या लॉटचे राउंड मारले, तर पाच गोळ्यांचा ग्रुप साधारण त्याच्या निम्म्या जागेत बसतो. आता हाताचा वाटा. फ्रंट आणि रिअर साइटमधलं अंतर नियमानं जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. तेवढ्या अंतरात फ्रंट साइट एक दशांश मिलिमीटर बाजूला गेली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११ मिलिमीटर सरकते. म्हणजे साइटच्या जुळणीत पाव मिलिमीटरची चूक झाली की दहा हातचा गेलाच. ही चूक मनगटाची आणि ट्रिगरवरच्या बोटाची असते. नवं पिस्तूल ती दुरुस्त करत नाही. ‘नळी झिजली’ ही तक्रारही बहुतेक वेळा टिकत नाही. .२२ ची गोळी मऊ शिशाची, दाब कमी. अशा नळीची झीज फार सावकाश होते. ग्रुप फुटायला लागला तर आधी नळी साफ करावी, तीन-चार वेगवेगळे लॉट रेस्टमधून मारून पाहावेत आणि चेंबरची कड तपासावी. चुकीच्या पद्धतीनं ड्राय केलेल्या पिस्तुलात फायरिंग पिन त्या कडेवर आपटून खळगा पाडते. एवढं करूनही रेस्टमधला ग्रुप दहाच्या बाहेर जात असेल, तर पिस्तुलावर आरोप ठेवायला हरकत नाही.

मग जुन्या पिस्तुलाबद्दल वाटणारा जिव्हाळा नुसता भावनिक समजायचा का? तसंही नाही. २५ मीटर पिस्तूल स्पर्धेचे दोन भाग असतात. प्रिसिजनमध्ये पाच शॉट्सना पाच मिनिटं मिळतात. रॅपिडमध्ये हात ४५ अंशांखाली ठेवून थांबायचं, आणि तीन सेकंदांत तो उचलून एकच शॉट मारायचा. ग्रिपचा कोन दोन-तीन अंशांनी बदलला तरी हात वर येताना फ्रंट साइट नॉचच्या वर डोकावते किंवा आत बुडते. प्रिसिजनमध्ये ती हळूच जुळवून घेता येते. रॅपिडमध्ये तो वेळच नसतो. हात वर येतो तेव्हा साइट जुळलेलीच हवी. ट्रिगरचंही तसंच. दोन्ही पिस्तुलांचा ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा असला, तरी त्यातले किती ग्रॅम पहिल्या टप्प्यात आणि किती दुसऱ्या टप्प्यात हे वेगळं असतं, आणि बोटानं हजारो शॉट्समधून तेच पाठ केलेलं असतं. म्हणून जिव्हाळ्याचा बराच भाग तांत्रिक आहे. दुसऱ्याचं पिस्तूल मागून घेऊन प्रिसिजनची एक सिरीज मारायची आणि त्याच्या प्रेमात पडायचं, ही रेंजवरची नेहमीची फसगत आहे. नव्या पिस्तुलाची परीक्षा रॅपिडमध्ये घ्यावी, कारण बदलाची खरी किंमत तिथे उघडी पडते. अनेकदा या परीक्षेतून असंही कळतं की आपल्याला हवी होती ती नवी ग्रिप. आणि ती जुन्या पिस्तुलालाही बसवता येते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आवडत्या पिस्तुलाचे दोष माणूस पोटात घालतो, जॅम झालं की राउंडला नावं ठेवतो. यावर उपाय वहीचा. प्रत्येक अडथळ्याची नोंद करावी: कोणतं मॅगझिन, कोणता लॉट, राउंड वर चढला नाही की रिकामं केस बाहेर पडलं नाही. दोष एका मॅगझिनबरोबर फिरत असेल तर मॅगझिन बदलावं, एका लॉटबरोबर असेल तर लॉट. सगळीकडे दिसत असेल तर एक्स्ट्रॅक्टर किंवा रिकॉइल स्प्रिंग पाहावी. तो भाग मिळत असेल तर दुरुस्ती करावी. कुठेच मिळत नसेल तर निर्णय झाला, आणि मग आठवणींची वकिली ऐकू नये. नियमही कधी असाच निर्णय करून टाकतात. २००४ च्या ऑलिंपिकनंतर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारातून .२२ शॉर्ट राउंड गेला, लाँग रायफल आणि १००० ग्रॅमचा ट्रिगर आला. एरवी निर्दोष असलेली किती तरी पिस्तुलं त्या बदलानं स्पर्धेबाहेर गेली.

दुसरा आक्षेप अव्वल खेळाडूंचा दाखला देतो: वरच्या पातळीवर सगळे नव्या धाटणीची पिस्तुलं वापरतात, नळी हाताच्या जवळ असलेली, कमी उसळणारी. हे खरं आहे, पण प्रकार कोणता ते विचारलं पाहिजे. विजय कुमार यांनी २०१२ मध्ये लंडनला ज्यात रौप्य मिळवलं, त्या रॅपिड फायरमध्ये पाच टार्गेटांवर पाच शॉट्स आठ, सहा आणि शेवटी चार सेकंदांत मारायचे असतात. तिथे उसळी कमी असणं म्हणजे थेट गुण. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्यात सुवर्ण जिंकलं, त्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या पात्रता फेरीत रॅपिडच्या दोन शॉट्समध्ये सात सेकंदांची उसंत असते आणि पिस्तूल तेवढ्यात खाली येऊन स्थिर होतं. एकच गुण एका प्रकारात निर्णायक, तर दुसऱ्यात सोयीपुरता. अव्वल खेळाडू काय वापरतो यापेक्षा तो काय खेळतो आणि आपण काय खेळतो, याचा मेळ आधी घालावा.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद आहे; ठरावीक दर्जा गाठलेल्या नेमबाजांनाच ती वाट खुली आहे. विकलेलं परदेशी पिस्तूल परत मिळणं म्हणूनच अवघड. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याचं शस्त्र दुसऱ्याला द्यायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. न परतणाऱ्या व्यवहारात सिद्ध करण्याची जबाबदारी बदल सुचवणाऱ्यावर असावी, हे उघड आहे. दोन्ही ठेवा, असं कोणी म्हणेल. २०१९ च्या दुरुस्तीनं सर्वसाधारण परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आणली असली, तरी नेमबाजांना वेगळी सवलत आहे. अडचण कायद्यापेक्षा सरावाची आहे: आलटून पालटून दोन ट्रिगर वापरणाऱ्या बोटाला एकही पाठ होत नाही. तुलना संपेपर्यंत दोन्ही ठेवावीत, पण त्या काळाला शेवट असावा.

रेस्टमधला ग्रुप, रॅपिडचा स्कोअर आणि अडथळ्यांची वही, या तिन्हींनी जुन्याविरुद्ध कौल दिला तर पिस्तूल द्यावं, आणि देताना वहीही घेणाऱ्याच्या हाती ठेवावी. दोष लपवून केलेली अदलाबदल हा खेळाचा भाग नव्हे. कौल विरुद्ध नसेल तर नव्याचा पैसा चांगल्या लॉटवर आणि ग्रिपवर खर्च करावा. आणि कोणाला केवळ आठवणीसाठी पिस्तूल ठेवायचं असेल, तर तेही कारण पुरेसं आहे. फक्त ते स्कोअरचं कारण म्हणून पुढे करू नये, कारण स्कोअरचं कारण तपासता येतं आणि तपासलं की टिकत नाही.