तोंड दाबलेल्या एरर

जुना प्रोग्राम नव्या लिनक्सवर बिल्ड होत नाही म्हटलं की आपण नव्या लिनक्सच्या नावाने बोटं मोडतो. "काल चालत होतं, आज काय धाड भरली?" मला मात्र हल्ली उलटं वाटायला लागलंय.

झालं असं, की आमचे काका त्यांच्या सोसायटीचे खजिनदार. मेंटेनन्सचा सगळा हिशेब त्यांच्या एका मित्राने फार पूर्वी सीमध्ये लिहून दिलेल्या छोट्याशा प्रोग्राममध्ये. ते गृहस्थ आता हयात नाहीत. काकांच्या संगणकावर डेबियन १३ (ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं) घातलं आणि हा प्रोग्राम सुरूच होईना. त्याला लागणारी जुनी लायब्ररी नव्या आवृत्तीत नाही. नशिबाने सोर्स कोडची सीडी काकांनी जपून ठेवली होती. म्हटलं, नव्याने डेब पॅकेज करू या.

त्यासाठी एसबिल्ड वापरलं. ते आधी जवळजवळ रिकामी अशी एक खोली तयार करतं आणि कंट्रोल फाइलमध्ये जेवढं मागितलंय तेवढंच सामान आत आणतं. त्यामुळे 'माझ्या मशीनवर तर होतंय' ही सबब चालत नाही! यादीत एनकर्सेस लिहिलं, पहिली एरर गेली.

दुसरी मात्र खरी होती. एक फंक्शन कुठेही जाहीर न करता वापरलं होतं. सी भाषेत पूर्वी याला मुभा होती. कंपायलर गृहीत धरायचा, की हे फंक्शन एक साधा आकडा परत देणार. १९९९ च्या प्रमाणकाने ही मुभा काढून घेतली, तरी जीसीसी नुसती वॉर्निंग देऊन पुढे जात राहिलं. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने मात्र सरळ नकार द्यायला सुरुवात केली.

आता हे फंक्शन आकडा नव्हे, मेमरीतला पत्ता परत देणारं. ३२ बिटच्या मशीनवर दोन्ही सारख्याच मापाचे, म्हणून निभावलं. ६४ बिटवर पत्ता ६४ बिटांचा आणि आकडा ३२ चाच, म्हणजे अर्धा पत्ता गळून पडतो! पत्ता लहान असेल तर काही बिघडत नाही. मेमरीचा मोठा तुकडा मागितला की तो बहुधा लांबच्या पत्त्यावर मिळतो, आणि प्रोग्राम पडतो.

हे वाचताना एकदम ट्यूब पेटली. काका एकेका महिन्याचा हिशेब काढून वर्षाची बेरीज वहीत करायचे. का, तर "वर्षाचा रिपोर्ट मागितला की तो बंद पडतो रे, त्याला झेपत नाही." इतकी वर्षं!

'परमिसिव्ह' नावाचा एक पर्याय दिला की जीसीसी १४ सुद्धा पुन्हा नुसत्या वॉर्निंगवर येतं. एका मिनिटात पॅकेज तयार, आणि काका पुन्हा वहीत. त्याऐवजी हेडरमध्ये एक ओळ घातली, बस्स.

पण प्रत्येक चूक अशी ओरडून सांगत नाही. जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्ट एखादी सोय मशीनवर आहे का, हे छोटा प्रोग्राम कंपाइल करून तपासतात. तो प्रोग्रामच जुन्या वळणाचा असेल तर नवा कंपायलर तो नाकारतो, स्क्रिप्ट समजते की सोयच नाही, आणि ती वगळून बिल्ड छान पार पडतं. म्हणून 'यशस्वी' बिल्डचा लॉगही ओळ न् ओळ वाचून काढला. न थांबलेल्या बिल्डची मला जास्त भीती वाटते.

डेबियनच्या पॅकेजमध्ये कॉपीराइट नावाची एक फाइल लागते. मूळ लेखकाचं नाव त्यात लिहिलं. माझा बदल वेगळ्या पॅचमध्ये ठेवला, म्हणजे त्यांचं काय आणि माझं काय हे स्पष्ट राहील. काकांनी बारा महिन्यांचा रिपोर्ट काढला, वहीतल्या बेरजेशी ताडून पाहिला आणि म्हणाले, "त्याचं गणित बरोबरच होतं."

असो. तुमच्याकडे असा कोणाचा प्रोग्राम असेल तर त्याचा सोर्स आजच शोधून ठेवा. आणि तो कंपाइल होताना काय कुरकुर करतो, तीही ऐका.