पांढऱ्या मातीतली द्राक्षे

वाचकहो, दारूचे नाव निघाले की घरातल्या बायाबापड्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती योग्यच आहे. दारूपायी धुळीला मिळालेले संसार आपण सर्वांनी पाहिले आहेत. तेव्हा आज एका मद्याची हकिगत सांगायला बसलो आहे, ती त्याचे गुण गाण्यासाठी नव्हे. त्यामागची माती आणि तिथला शेतकरी यांच्याकडून आपल्याला घेण्याजोगे बरेच आहे, म्हणून हा खटाटोप.

स्पेन देशाच्या दक्षिणेला, अटलांटिक महासागराजवळ हेरेस नावाचे शहर आहे. अरबांचे राज्य असताना त्याला शेरीश म्हणत. इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडी त्याचे शेरी झाले आणि तिथल्या मद्यालाही तेच नाव पडले.

तिथली उत्तम जमीन पांढरीशुभ्र, चुनखडीची. तिला ते आल्बारिसा म्हणतात. आपल्याकडे चुनखडीचे रान म्हटले की माणूस नाक मुरडतो. पण ही माती हिवाळ्यातला पाऊस स्पंजासारखा पिऊन घेते आणि उन्हाळ्यात वरून वाळून तिची खपली धरते, त्यामुळे आतली ओल उडत नाही. पाऊस वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर, तोही मुख्यतः हिवाळ्याच्या अंगाने. जून ते ऑगस्ट आभाळ जवळजवळ कोरडे. पूर्वेकडून लेवांते नावाचा उष्ण, कोरडा वारा सुटतो. पश्चिमेचा पोनिएन्ते समुद्राचा दमटपणा आणतो. अशा हवेत तिथली द्राक्षबाग परंपरेने पाटाच्या पाण्याशिवाय, मुरलेल्या ओलीवर पिकत आली आहे.

हे साधते कसे? पीक निघाले की शेतकरी वेलींच्या ओळींमध्ये चौकोनी खळगे करतो. हिवाळ्याचा पाऊस उतारावरून वाहून न जाता त्यांतच थांबतो आणि मुरतो. वसंतात खळगे बुजवून जमीन सारखी करतात. आपल्या सोलापूरकडे रब्बी ज्वारीच्या रानात पावसाळ्यात बंदिस्त वाफे करतात, त्याचाच हा सख्खा भाऊ. दोन्हीकडची माती वेगळी, पिके वेगळी. पण पडलेले पाणी आपल्याच रानात जिरवायचे, हे शहाणपण एकच.

छाटणीची रीतही पाहण्यासारखी आहे. वेलाच्या एका बाजूला सुमारे आठ डोळ्यांची लांब काडी फळासाठी ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला एकदोन डोळ्यांचा आखूड खुंटारा. पुढच्या वर्षी खुंटाऱ्यातून आलेली काडी फळाला धरायची आणि जुन्या बाजूला आखूड छाटायचे. म्हणजे वेलाची एक बाजू राबते, तेव्हा दुसरी विसावा घेते.

या बागांवर संकटे काही कमी आली नाहीत. इ. स. ९६६ मध्ये खलिफा दुसरा अल् हकम याने द्राक्षवेली उपटण्याचा हुकूम दिला. आमच्या मनुका तुमच्या सैनिकांना पोसतात, असे लोकांनी विनवल्यावर दोन तृतीयांश बागा वाचल्या, असे सांगतात. पुढे १८९४ साली फिलॉक्सेरा हा मुळे खाणारा, माव्याच्या जातीचा बारीक कीटक आला आणि बागाच्या बागा वाळल्या. औषध सापडले ते मुळातच. तो कीटक सोसणाऱ्या अमेरिकन वेलींच्या खुंटावर आपल्या जातीचे कलम करायचे. आपले बागाईतदार डॉगरिज खुंटावर कलम करतात, तोही अमेरिकन वंशाचाच. मात्र आपण तो धरला तो खारवट जमीन आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून.

आता मद्याविषयी थोडे. पालोमिनो या पांढऱ्या द्राक्षाचा रस आंबवून त्यात द्राक्षाचाच अर्क घालतात. हलक्या प्रकारात मद्यार्क १५ टक्के ठेवला, की पिंपात त्यावर यीस्टची पांढरी साय धरते. ती हवेपासून रक्षण करते. तिला ते फ्लोर, म्हणजे फूल म्हणतात. पिंपांच्या ओळी रचलेल्या असतात. जुन्या पिंपातून थोडे काढायचे आणि तेवढेच त्याहून नव्यातून भरायचे, पिंप कधी रिते करायचे नाही. पी हळद आणि हो गोरी, असा हा धंदाच नव्हे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १९७० च्या दशकात परदेशात शेरीला मोठी मागणी आली. जो तो वेल लावू लागला. पांढरी माती संपली तेव्हा कमी प्रतीच्या जमिनीतही लागवड झाली. माल वाढला, भाव पाडून विकण्याची चढाओढ लागली आणि स्वस्त मालाने शेरीचे नाव खाली आले. तेवढ्यात लोकांची आवडही बदलली. एके काळी २०,००० हेक्टरांच्या वर असलेल्या बागा आज सुमारे ७,००० हेक्टरांवर आल्या आहेत. वेली उपटण्यासाठी सरकारी अनुदान घ्यावे लागले. खलिफाच्या हुकमाने जेवढे झाले नाही, तेवढे पडत्या भावाने झाले. वेल उपटलेल्या कित्येक रानांत पुढे गहू आणि सूर्यफूल आले.

वाचकहो, दुष्काळ आणि कीड यांना तो शेतकरी पुरून उरला होता. त्याला गाठले ते भरभराटीच्या वर्षांनी. शेजाऱ्याला भाव मिळाला म्हणून आपणही कांदा नाही तर डाळिंब लावतो, तेव्हा हाच खेळ आपल्या शिवारात सुरू होतो. म्हणून नव्या बागेचा बेत घरात चालला असेल, तर रोपांची मागणी नोंदवण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसा. आपली माती या पिकाला मनापासून मानवते का, आणि भाव निम्म्यावर आला तर किती वर्षे तग धरता येईल, हे कागदावर मांडा. घरच्या बाईलाही त्या बैठकीत बसवा. उद्या हात आखडता घ्यायची वेळ आली, तर तो आधी तिलाच घ्यावा लागतो.