उपसा

पिंजऱ्याचं दार खडखडत लागलं, घंटी वाजली आणि अण्णांनी माझं मनगट धरलं. जन्मभर विहिरींत उतरलेला हा माणूस. पण दोराला धरून पन्नास फूट उतरणं वेगळं आणि २,३४१ फूट खोल जाणं वेगळं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली ही सुदान खाण. तीनेक मिनिटं काळा खडक समोरून वर सरकत राहिला. सत्ताविसाव्या मजल्यावर दार उघडलं. वर जुलैचं ऊन होतं. इथं बारा महिने जेमतेम ११ अंश.

इथलं पहिलं लोहखनिज १८८४ मध्ये आगगाडीनं सुपीरियर सरोवराकडे गेलं. आधी उघडे खड्डे खणले, मग माणसं खडकाच्या पोटात शिरली. फिनलंड, स्लोव्हेनिया, इटली, कॉर्नवॉल, कुठकुठून आलेली. एकमेकांची बोली कळत नसताना ती एकमेकांच्या भरवशावर सुरुंग लावत. खडक पक्का आणि खाण त्या मानानं कोरडी, म्हणून महागड्या मोटारीवरून ‘खाणींमधली कॅडिलॅक’ असं तिचं नाव पडलं. पुढं पोलाद करायची रीत बदलली, टॅकोनाइट या लोहखडकाच्या गोळ्या स्वस्त आणि सोयीच्या ठरल्या, आणि १९६२ मध्ये काम थांबलं. कंपनीनं खाण राज्याच्या स्वाधीन केली. १९६६ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली.

छोट्या गाडीनं आम्ही पाऊण मैल आत गेलो. अण्णांनी भिंतीवर बोट फिरवून मला दाखवलं. “हा तर गेरू!” आई ज्यानं तुळशीवृंदावन रंगवायची, तोच तांबडा रंग. मग दिवे मालवले. डोळे उघडे आहेत की मिटलेले, कळेना. एक मेणबत्ती पेटली. सुरुवातीचे कामगार एवढ्याच उजेडात राबत, असं वाटाड्या म्हणाला. शेजारच्याचा चेहराही पुरता दिसत नव्हता.

खाणीच्या याच खोलपणाचा पुढं शास्त्रज्ञांना उपयोग झाला. शिकागोजवळून सोडलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण ७३५ किलोमीटर जमिनीतून इथं यायचे. ते टिपायला सुमारे ५,४०० टनांचं पोलादी यंत्र तुकड्यातुकड्यांनी आम्ही उतरलो त्याच शाफ्टमधून खाली आणून जोडलं. जवळजवळ ऐंशी वर्षं इथून लोखंड वर गेलं. मग थोडं परत आलं. मला कोलारची सोन्याची खाण आठवली. १९६५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथं, असंच खोल जाऊन, न्यूट्रिनोंचा माग काढला होता.

अण्णा मात्र कान देऊन उभे होते. “एवढ्या खोलावर पाणी लागणारच. उपसा कुठं चाललाय?” मी वाटाड्याला विचारलं. तो हसला. म्हणाला, पंप सतत चालवावे लागतात. बंद पडले, तर खाण हळूहळू भरून जाईल.

तेव्हा मला उमगलं, की ही पोकळी एकदाच जपून ठेवलेली नाही. ती रोज नव्यानं राखावी लागते. इथून आता लोखंडाचा खडा निघत नाही, तरी कुणीतरी दिवसरात्र पाणी उपसतं आहे. मेणबत्तीच्या उजेडात राबलेल्या त्या परक्या माणसांची जागा बुडू नये म्हणून.

पिंजरा वर निघाला. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बोअर घेतल्यापासून आपली विहीर कुणी उपसली नाही रे. तुझ्या आज्यानं कातळात साल कोरलंय. पाण्याखाली असेल अजून.”

त्यांच्या बोटाला गेरू तसाच होता.