वेळेचा शिक्का

टपालानें आलेलें पाकीट फोडण्यापूर्वीं तें उलटसुलट करून त्यावरील शिक्के वाचण्याची आमच्या वडिलांना संवय होती. टाकलें कोणत्या दिवशीं आणि पोहोंचलें कोणत्या, या दोन शिक्क्यांवरून मधल्या प्रवासाचा सारा इतिहास ते सांगूं लागत. आंतील मजकूर मात्र आईनें दोनदां विचारल्याखेरीज बाहेर पडत नसे. ही खोड माझ्यांतही उतरली आहे हें मला फार उशिरां कळलें. मी नदीच्या पुराचें गणित करतों. माझ्याकडे पाकिटें येत नाहींत, संगणकाच्या फायली येतात. पण त्या उघडण्याआधीं माझी दृष्टि जाते ती त्यांच्यापुढें उमटलेल्या वेळेकडे.

नदीच्या पात्राचे ठिकठिकाणीं आडवे छेद मोजावयाचे, त्यांची एक फाईल. पाणी किती येईल त्याच्या आंकड्यांची दुसरी. या दोहोंवरून संगणकांत नदीचें मॉडेल उभें राहतें आणि पाणी कोठवर चढेल तें तिसऱ्या फायलींत लिहिलें जातें. महाराष्ट्रांत सरासरीनें २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर काढतात, ती असल्याच गणितावरून. आमच्या मॉडेलला एका फेरीस चाळीस मिनिटें लागतात. तेव्हां मापें बदललीं असतील तरच पुन्हां गणित करावें, हें उघड आहे. बदललीं कीं नाहीं हें ओळखण्याची युक्ति साधी: मापांच्या फायलीवरील वेळ उत्तराच्या फायलीवरील वेळेनंतरची असेल, तर उत्तर शिळें झालें.

या युक्तीवर उभारलेली सर्वांत प्रसिद्ध आज्ञावली म्हणजे 'मेक'. तिच्या जन्माची हकीकत मोठी गमतीची आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलींत त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन दैवाला शिव्याशाप देत शिरले. आपल्या आज्ञावलींतील चूक त्यांनीं दुरुस्त केली होती, पण दुरुस्त मजकुराचें यंत्रभाषेंत रूपांतर करावयाचें तेवढें राहून गेलें होतें. नसलेली चूक हुडकण्यांत बिचाऱ्यांची सारी सकाळ गेली! फेल्डमन स्वतः आदल्याच संध्याकाळीं या संकटांतून गेले होते. त्यांनीं १९७६ सालीं 'मेक' लिहिली. फायलींच्या वेळा ताडून जेवढें शिळें झालें असेल तेवढेंच ती नवें करते.

आमच्या मॉडेलवरही मीं असाच एक पहारा बसविला होता, आणि त्यावर माझा आंधळा विश्वास होता. एका गांवच्या पुलाखालचीं नवीं मापें आलीं होतीं, तीं मीं फायलींत भरलीं. गणित सुरू केलें आणि चहा आणावयास गेलों. परत येऊन पाहतों तों काम आटोपलेलें. चाळीस मिनिटांचें काम चहा निवण्यापूर्वीं संपलें, तेव्हांच मनांत पाल चुकचुकावयास हवी होती. पण यंत्रानें झटपट काम केलें तर त्याला जाब कोण विचारतो? मीं नकाशा छापला.

मापें घेणारे आमचे वृद्ध सर्वेक्षक सहीसाठीं आले. बराच वेळ ते नकाशावर वांकून उभे होते. मग म्हणाले, "साहेब, मीं पूल नव्यानें मोजला, आणि लाल रेषा जागची हलली नाहीं?"

"संगणकानें काढली आहे," मी म्हणालों.

त्यांनीं कांहीं न बोलतां पिशवींतून मोजमापांची वही काढून पुढें केली. या वहींत खोडरबराला मज्जाव असतो. चुकलेल्या किंवा बदललेल्या आंकड्यावर एक रेघ, वर नवा आंकडा, शेजारीं आद्याक्षरें. पुलाच्या पानावर जुना तळ रेघेखालींही स्वच्छ वाचतां येत होता. समासांत तारीख, वेळ, आणि बारीक अक्षरांत लिहिलें होतें: 'गाळ. काठी हातभर अलीकडेच टेकली.'

घोटाळा सांपडावयास वेळ लागला नाहीं. मधल्या दिवसांत जागा अपुरी पडली म्हणून सारें काम मीं दुसऱ्या यंत्रावर हलविलें होतें. आधीं मापें नकललीं, मागाहून उत्तरें. मूळची वेळ राखावयास मुद्दाम सांगितलें नाहीं, तर त्या यंत्रावर नकलेस नकल केल्याची वेळ लागते. शिळें उत्तर ताज्या मापांहून कांहीं क्षणांनीं तरुण ठरलें, आणि पहारेकऱ्यानें सलाम ठोकून तें आंत सोडलें!

नव्यानें गणित लावलें आणि आम्ही दोघे समोरासमोर बसून राहिलों. ती वही माझ्या हातांत होती. शिक्का सांगतो तें एवढेंच कीं, फायलीला हात केव्हां लागला. कोणाचा, कशासाठीं, आणि पालटलें काय, यांविषयीं तो मुका. तोही शेवटच्या हाताचा. आधींचे सगळे पुसलेले. फाईल उघडून एक अक्षरही न बदलतां पुन्हां ठेवली, तरी वेळ नवी पडते आणि चाळीस मिनिटें फुकट जातात. हल्लीं मी वेळेऐवजीं मजकुराचा ठसा ताडतों. सबंध मजकुरावरून काढलेला हा एक लांबलचक आंकडा. एक अक्षर पालटलें कीं निराळा होतो. तो नकलेनें फसत नाहीं. पण 'गाळ' हा शब्द त्यालाही उच्चारतां येत नाहीं.

उत्तर आलें. पुलाच्या वरच्या अंगास पाणी वीतभर अधिक चढलें होतें. वीत म्हणजे कितीशी! पण तेथील जमीन ताटासारखी सपाट आहे. तीन घरांच्या परसांमागून गेलेली लाल रेषा आतां त्यांच्या पुढील दारांबाहेर आली होती. सर्वेक्षकांनीं चष्मा पुसून तीं घरें बोटानें मोजलीं, वही परत घेतली, आणि त्याच पानाच्या तळाशीं लिहिलें: 'गणित पुन्हां. दुपारचे पावणेचार.'